गुंजवणीला दूध कुणी पाजलं

दादा,

परवा तुझा दहावा झाला. कावळा लगेच शिवला. आम्ही पिंड ठेवून मागं सरतोय तोवर तो आला आणि भावकीतली माणसं एकमेकांकडे बघून म्हणाली, "सोपानचं मागं काय ऱ्हायलं न्हाई. सुटला बिचारा." मला हसूच आलं. तुझं मागं काही राहिलं नव्हतं हे खरं आहे. राहिलंय ते आमचं, आणि त्याला कावळा लागत नाही.

तुझ्या घोड्यांच्या फार्मवरून मॅनेजरसाहेब आले होते. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते पाऊण तास गुंजवणीवर बोलले. शर्यतीची घोडी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही अशा आपल्या भावकीला त्यांनी तिच्या सगळ्या शर्यती सांगितल्या, तिचा बाप सांगितला, आई सांगितली. मयत तुझं झालंय का घोडीचं, असं मला वाटायला लागलं. शेवटी ते म्हणाले, "जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली. सोपानरावांनी ती घोडी हातावर वाढवली." आपली आई बायकांत बसली होती. तिनं ते ऐकलं आणि पदर नीट केला. हातावर म्हणे. दादा, तुझ्या हाताला कधीपासून दूध येत होतं?

मी 'आपली आई' म्हणालो. तू असतास तर तिथंच अडवलं असतंस. तुझी आई तू दोन वर्षांचा असताना गेली. वर्ष सरायच्या आत वडलांनी दुसरी केली, ती माझी आई. तुला नाचणीची पेज भरवली तिनं, तुझ्या गोवरात सात दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही तिनं, आणि तू तिला जन्मभर मावशी म्हणालास. मला सख्ख्यापेक्षा जास्त जपलंस, हेही लिहायला पाहिजे. शाळेत एकानं मला 'दुसरीचं पोर' म्हटलं, तर तू त्याच्या डोक्यात पाटी घातली होतीस. गुरुजींनी तुला उन्हात उभं केलं आणि मी तुझ्या सावलीत बसून राहिलो. माझ्यासाठी पाटी फोडणारा तू, तिच्यासाठी एक शब्द तुला जड झाला.

मग तू फार्मवर लागलास आणि तुला वंशावळीचं वेड लागलं. सातवी नापास माणूस, पण घोडीचं नाव घेतलं की तिच्या सात पिढ्या धडाधड. गुंजवणीची आई ब्रसेल्स लेस, तिची आई आयरिश लेस, तिची आई इंग्लंडहून बोटीनं गाभण आली ती. तू 'आयरिस' म्हणायचास, पण चुकत नव्हतास. जगातले सगळे शर्यतीचे घोडे बापाकडून तीनच घोड्यांपर्यंत जातात, हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मला ते कीर्तनातल्यासारखं वाटलं होतं. आणि त्या सगळ्यांचा वाढदिवस एक जानेवारी! आपल्या गावात गुरुजींनी सगळ्यांना एक जूनला जन्माला घातलं तसं. तेव्हा आपण दोघं पोट धरून हसलो होतो. तसं हसणं नंतर फार झालं नाही.

आता ढवळीचं लिहितो. तुझ्या मॅनेजरनं जे गाळलं ते.

ढवळी आपल्या घरची गावठी घोडी. वरच्या वाडीवर खताची पोती न्यायची, लग्नसराईत नवरदेव न्यायचा, बाकीचे दिवस बांधावर चरायचं. तिला शिंगरू होऊन आठ दिवस झाले होते. कपाळावर पांढरा ठिपका, पाय सगळे चार दिशांना. तू सकाळी सकाळी टेम्पो घेऊन दारात आलास. अंगावरचा सदरा रक्तानं वाळलेला. आम्ही घाबरलो, तर म्हणालास, "लेस गेली. शिंगरू जितं हाय. मादी हाय. दोन दिवसांत दूध न्हाई मिळालं तर ती बी जाती. ढवळी पायजे."

आई म्हणाली, "मंग शिंगरू बी ने तिच्यासंगं."

"त्ये न्हाई चालायचं. भायेरचं जनावर फार्मात घेत न्हाईत. ढवळीलाच कसंबसं घेत्यात, औषधानं धुऊन. आन दोघांस्नी पुरंल येवढं दूध कुठंय तिला?"

आईनं तुझ्याकडं बघितलं. आईविना राहिलेलं लेकरू म्हटल्यावर ती नाही म्हणणार नाही, हे तुला ठाऊक होतं. एवढं मात्र तुला बरोबर ठाऊक होतं. ढवळी टेम्पोत चढेना. मागं वळून खिंकाळत होती. तिचा दोर मी धरला होता, मीच तिला ओढून वर चढवली. जाताना तू शिंगराच्या अंगाखालचं गोणपाट उचलून घेतलंस. ते त्या नव्या शिंगराच्या पाठीवर बांधायचं, म्हणजे वासानं ढवळीला आपलंच वाटतं. हा तुमच्या धंद्यातला हुन्नर. टेम्पो सुरू झाल्यावर तू आईला ओरडून सांगितलंस, "मावशी, शेळीचं दूध पाज. जरा पानी आन साखर घालून. थोडं थोडं, सारखं."

आईनं तसंच केलं. शेजारची शेळी आणून दारात बांधली. चार दिवस शिंगरू बरं होतं, आईच्या मागं मागं फिरायचं, तिच्या लुगड्याचं टोक चोखायचं. पण मी वेल्ह्याला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. हजार वासरं हाताखालून गेलेली. मला ते शिंगरू बारीक वाटायला लागलं. मी म्हशीचं दूध आणलं, निर्भेळ, साय तरंगणारं. आई म्हणाली, "सोपान शेळीचं म्हनला व्हता." मी म्हणालो, "त्याला काय कळतंय? शेटच्या घोड्यांना मालिश करून कुणी डॉक्टर हुत न्हाई." घोडीचं दूध पातळ असतं, गोड असतं, शिंगराला म्हशीचं दूध पचत नाही, हे मला कळायला हवं होतं. वासराच्या मापानं मी शिंगराला पाजत राहिलो. त्याला ढाळ लागले. दोन दिवसांत डोळे आत गेले. सलाईन लावली, सगळं केलं. ढवळी गेल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी ते आईच्या मांडीवर मान टाकून गेलं.

तू आलास तेव्हा आम्ही ते बांधाला पुरलंही होतं. तू गोठ्यातली लीद बघितलीस, बाटली हुंगलीस आणि विचारलंस, "म्हशीचं कुनी पाजलं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "म्या पाजलं. मला वाटलं, अंग धरंल."

आणि तू तिला म्हणालास, "तुला पोरं सांबाळता येत न्हाईत, मावशी."

दादा, हे वाक्य मी वीस वर्षं उराशी धरून बसलोय. तिनं सांभाळलेल्या पोरानं तिच्या तोंडावर म्हटलेलं. मी तुला तेव्हाच मारायला हवं होतं. पण मारायला उठलो असतो तर खरं बोलावं लागलं असतं. मी मोरीकडं जाऊन दात घासायला लागलो, भरदुपारी. तू तीन वर्षं घरी आला नाहीस. लोकांना मी सांगत राहिलो की सोपानला शेटची घोडी घरच्या माणसांपेक्षा मोठी झाली.

तिकडं तुझी गुंजवणी वाढत होती. मी एकदा फार्मवर आलो तेव्हा तू मला दाखवलंस, तारेपलीकडून. बुटकी ढवळी उभी, आणि तिच्या पोटाखाली ते लांब टांगांचं पोर पुढचे गुडघे वाकवून पितंय. ढवळीला हरभऱ्याचा भरडा, गाजरं, लसूणघास. असलं खाणं तिनं जन्मात बघितलं नव्हतं. सहा महिन्यांनी दूध तोडलं आणि ढवळी परत पाठवली. घरी आल्यावर ती आधी गोठ्याच्या कोपऱ्यात गेली, जिथं गोणपाट असायचं तिथं. तिथं हुंगत उभी राहिली. आईनं तिला गूळ दिला, तो तिनं खाल्ला नाही.

गुंजवणी पहिल्यांदा मुंबईला पळाली तेव्हा कुणी तिच्यावर एक रुपया लावला नव्हता, असं तूच सांगायचास. सगळ्यात मागून निघाली, वळणावर बाहेरून आली आणि तीन घोड्यांच्या अंतरानं जिंकली. त्यानंतर पुण्याला जिंकली, बंगळूरला जिंकली. मग मुंबईची ती वर्षातली मोठी शर्यत. ती मी नसरापूरला हॉटेलात बसून टीव्हीवर बघितली. चहा गार झाला. शेवटच्या टप्प्यात ती मान लांब करून पुढं सरकायला लागली तसा मी उठून ओरडलो, "चल गं ढवळीचे!" हॉटेलवाला माझ्याकडं बघायला लागला. ती जिंकली. मी रडलो, दादा. रागानं का आनंदानं ते मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. शेट, शेटाणी, जॉकी, ट्रेनर, आणि कडेला लगाम धरलेला तुझा अर्धा हात. तेवढाच तू आलास. त्या हातासाठी आपली ढवळी वांझ राहिली. परत कधी गाभण राहिली नाही ती.

पुढं गुंजवणीच्या पायाची नस गेली आणि ती पैदाशीला फार्मवर परत आली. आई म्हणाली, "मला तिला बघायचंय." मी तिला स्कूटरवरून घेऊन आलो. तिनं पदरात भाकरी बांधून आणली होती आणि हळदकुंकवाची डबी. तू आम्हाला तबेल्यात नेलंस. इतकी उंच, इतकी चकचकीत घोडी आईनं बघितली नव्हती. तिनं भाकरी पुढं केली आणि त्या घोडीनं, जिला शेटच्या हातचं सफरचंदही नको असायचं, तिच्या तळव्यातून भाकरी खाल्ली. कुंकू लावायला आईचा हात कपाळापर्यंत पोचेना, तर तू घोडीची मान खाली धरलीस. तेव्हा तुझा चेहरा मऊ झाला होता. मला वाटलं, आता तिला 'आई' म्हणशील.

तेवढ्यात मॅनेजर आले. म्हणाले, "अरे वा, आई आल्या का सोपानराव?"

आणि तू म्हणालास, "न्हाई साहेब. गावाकडची मावशी हाय."

गावाकडची. नात्यातली नव्हे, घरातली नव्हे, गावाकडची. आईनं डबीचं झाकण लावलं. मग तिनं दारावरच्या पाटीकडं बोट केलं आणि मला विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. वर घोडीचं नाव, खाली बापाचं, त्याखाली आईचं.

"आन ढवळीचं नाव?"

तू हसलास. "ढवळीचं कशाला आसंल? दूध पाजलं म्हनून आई हुत न्हाई, मावशी. घोड्यांच्या पुस्तकात जिच्या पोटातनं आली तीच लागती."

मी म्हणालो, "मंग आपुन तरी भाऊ कशाचे रं?" मला तुला टोचायचं होतं. तू शांतपणे समजावून सांगितलंस, गुरुजींसारखं. घोड्यात बाप एक म्हणून भाऊ धरत नाहीत. एका घोड्याची वर्षाला पन्नास पोरं होतात, ती सगळी भाऊ कशी म्हणायची? आई एक असली तरच भाऊ. सावत्र म्हणतात तेसुद्धा आईकडूनच. "आपलं न्हाई बसत त्यात," तू म्हणालास, आणि घोडीच्या अंगावर ब्रश मारायला लागलास. शहाणपण डोक्यात गेलं की माणूस असा होतो. पाठच्या भावाला, ज्याच्यासाठी पाटी फोडली त्याला, तू पुस्तकातून काढून टाकलंस. घरी येताना मागं बसून आई एवढंच म्हणाली, "घोडी तब्येतीनं बरी हाय."

त्यानंतर मी तुझ्याशी कामापुरतं बोललो. तू लसूणघासाचे भारे पाठवायचास, मी गाईला घालायचो, आभार मानायचो नाही. माझ्या थोरल्याच्या लग्नात तू दोन दिवस आधी येऊन मांडव घातलास आणि जेवणावळीला बाहेरच्या पंगतीत बसलास. मी तुला आत बोलावलं नाही. हे माझं.

निवृत्त झालास तेव्हा तुला जायला घर नव्हतं. लग्न तू केलं नव्हतंस. सगळं आयुष्य तबेल्याशेजारच्या खोलीत काढलेलं. पत्र्याची पेटी घेऊन तू दारात उभा राहिलास तेव्हा मी दारातच उभा होतो, बाजूला झालो नाही. आईनं मला मागून सरकवलं. "त्याचं घर हाय," म्हणाली. दोन वर्षं राहिलास. दम लागायचा तुला, तबेल्यातल्या धुळीनं छातीचा भाता झालेला. ऐंशी ओलांडलेली म्हातारी तुला पाठीला उशी लावून द्यायची, भात कालवून भरवायची. मी रोज संध्याकाळी तुझ्या खाटेजवळ बसायचो आणि वाट बघायचो. खोटं कशाला बोलू, तुझी सेवा करायला नाही बसायचो. त्या एका शब्दाची वाट बघायचो. मरताना तरी म्हणशील. आणि रोज ठरवायचो की आज म्हशीच्या दुधाचं सांगून टाकावं. "दादा, ते मी पाजलं होतं." सहा शब्द सुद्धा नाहीत. तू तुझा एक शब्द धरून बसलास, मी माझे पाच. आणि दोघांच्यामध्ये ती बसायची, वाटीत चमचा हलवत.

एकदा मी तिलाच विचारलं, त्याच्यावर राग येत नाही का तुला. ती म्हणाली, "त्याच्या आयीला तेवढा येकच. फोटू न्हाई तिचा, काय न्हाई. ह्यानं मला आय म्हनलं आसतं तर तिला कोन ऱ्हायलं आसतं?" मी म्हणालो, हे तुला त्यानं सांगितलं का? "सांगाय कशाला लागतंय." मला तेव्हाही पटलं नाही. अर्धं पटलं. तुला माफ करायला मला ते पुरलं नाही, दादा, आणि आजही पुरत नाही. गेलेलीला जपायला जितीला रोज मारावंच लागतं का?

तू गेलास त्या दिवशी मी तुझ्या औषधांसाठी भोरला गेलो होतो. दुपारची एसटी चुकली, टेम्पोनं आलो. तोवर सगळं झालं होतं. आई एकटी तुझ्यापाशी होती. मी आधी तेच विचारलं, लाज वाटते सांगायला, पण तेच विचारलं. शेवटी काय म्हणाला?

"मावशी, पानी म्हनला. म्या दिलं."

आज सकाळी ग्रामपंचायतीत गेलो, तुझ्या मृत्यूची नोंद करायला. गेला तेव्हा जवळ कोण होतं हे विचारतात, म्हणून आईलाही नेलं. ग्रामसेवक नवीन आहे, पोरगेला, मन लावून लिहिणारा. नाव झालं, वय झालं, वडलांचं नाव झालं. मग तो म्हणाला, "आईचं नाव?"

हे असं येणार हे मला रात्रीच सुचलं होतं. मी ठरवूनच गेलो होतो. हौसाबाई लिहायचं. माझ्या आईचं नाव, कायमचं, सरकारी शिक्क्यानिशी, तुझ्या नावाखाली. तू उठून खोडायला येणार नव्हतास. मी 'हौ' म्हणालोसुद्धा, तेवढ्यात आईनं माझा दंड धरला.

"सगुणा लिवा," ती ग्रामसेवकाला म्हणाली. "सगुणाबाई. भाटघरच्या पल्याडची. तिची आय ठकुबाई. ठकुबाईची आय मुक्ताबाई, ती पानशेतच्या अंगाची, धरनाच्या पान्यात गाव गेलं त्यांचं."

"आजी, एकच नाव लागतं," तो म्हणाला.

दादा, तुझ्या आईचं नाव मला माहीत नव्हतं. घरात तिला सगळे थोरली म्हणायचे, मीही तेवढंच म्हणायचो. साठ वर्षांत मी विचारलं नाही. तू घोड्यांच्या सात पिढ्या घडाघडा म्हणायचास, पण स्वतःच्या आईच्या आईचं नाव तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मला वाटतं, तुलाही ठाऊक नसावं. जिला ठाऊक होतं तिला तू कधी विचारलं नाहीस. बाहेर आल्यावर मी आईला म्हणालो, तुला हे सगळं कुणी सांगितलं? तर तिनं सांगितलं, देव्हाऱ्यात गेलेल्या सवतीचा चांदीचा टाक असतो, दुसरेपणावर आलेल्या बाईनं त्याची रोज पूजा करायची असते, आणि कुंकू लावताना नुसतं थोरली म्हणून कसं भागेल, म्हणून तिनं लग्न होऊन आली त्याच वर्षी तुझ्या मामाकडून ती नावं विचारून घेतली होती. तू अडीच वर्षांचा होतास. हा मोठा झाला, त्यानं विचारलं, तर सांगता यावं म्हणून.

पण ते नंतरचं. आधी ग्रामसेवकानं सगुणाबाई लिहिलं, आणि कागद आईकडं सरकवला. माहिती देणाऱ्याची सही किंवा अंगठा. शाईची डबी उघडता उघडता त्यानं सहज विचारलं, "आजी, तुम्ही कोण त्यांच्या?"

मी तिच्याकडं बघितलं. इथं तू नव्हतास. मॅनेजर नव्हता, पाटी नव्हती, घोड्यांचं पुस्तक नव्हतं. जे म्हणेल ते लिहिलं गेलं असतं.

"मावशी," ती म्हणाली, आणि अंगठा पुढं केला.